'तुमचा ब्राउझर सपोर्टेड नाही' असं साईट म्हणते तेव्हा काय काय तपासायचं

हा प्रॉब्लेम मी इतक्या वेळा सोडवलाय की आता कुणी फोनवर "अरे ती साईट उघडतच नाहीये" एवढं म्हणालं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कुठल्या ब्राउझरमध्ये? उत्तर क्रोम आलं तर सहसा इंटरनेट नाहीतर पासवर्डची भानगड असते, पाच मिनिटांत सुटते. पण उत्तर फायरफॉक्स, पेल मून, फाल्कन, ग्नोम वेब किंवा "जुनाच लॅपटॉप आहे रे, त्यात जो आहे तो" असं आलं की मी खुर्ची ओढून बसतो. मी स्वतः कित्येक वर्षं फायरफॉक्सवाला आणि एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर पेल मून, त्यामुळे यातलं निम्मं माझ्याच अंगावर आलेलं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, बाकी सगळं त्यावरच चालतं. साईट तुम्हाला परत पाठवते ती दोन कारणांनी. एक, तिने तुमच्या ब्राउझरचं फक्त नाव वाचलं आणि दारातूनच नको म्हणाली. दोन, ब्राउझरला तिचं काम खरंच जमत नाहीये. म्हणजे प्रश्न नावाचा की कुवतीचा, एवढंच शोधायचंय. गंमत अशी की स्क्रीनवर मेसेज बऱ्याचदा दोन्हीला सारखाच येतो आणि उपाय मात्र एकमेकांच्या अगदी उलटे आहेत.

लक्षणं

कुठलं दिसतंय ते बघून ठेवा, पुढे लागेल.

– पट्टी किंवा अख्खं पान येतं, "कृपया क्रोमची नवी आवृत्ती वापरा" छापाचं. हा बहुतेक नावाचा प्रॉब्लेम.
– पान पांढरंफटक. टॅबवर साईटचं नाव येतं, आत काही नाही, किंवा गोल फिरतंय ते फिरतंयच.
– पान छान दिसतं पण एखादं बटणच मेलेलं. फॉर्म पुढे सरकत नाही, तारीख निवडता येत नाही, फाईल चढत नाही.
– "तुम्ही माणूस आहात ना" असं विचारणारा चौकोन टिक केला की परत तोच चौकोन. परत टिक, परत चौकोन.
– बाकी साईट चालते पण व्हिडिओवर क्लिक केलं की एरर.
– "कालपर्यंत चालत होतं, मी काहीच बदललेलं नाही." हे मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं आणि ते खरंही असतं. तुम्ही नाही बदललं, त्यांनी बदललंय.

आणि हो, काहीही करायच्या आधी एक सांगतो. पानावरच "ब्राउझर अपडेट करा" असं मोठं बटण आलं असेल तर ते दाबायचं नाही. म्हणजे नाहीच. खोट्या अपडेटच्या नावाखाली व्हायरस उतरवायचा हा जुना आणि अजून चालणारा धंदा आहे, हॅक झालेल्या चांगल्या साईटवरही असं पान उगवतं. अपडेट करायचं ते ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूमधून, लिनक्सवर असाल तर सिस्टीमच्या अपडेटमधून.

फुकटातल्या तपासण्या

कंट्रोल शिफ्ट आर दाबा, मॅकवर कमांड शिफ्ट आर. साधं रिफ्रेश नाही, हे कॅशे (ब्राउझरने आधी साठवून ठेवलेल्या फाईल) टाळून सगळ्या फाईल नव्याने आणतं. साईटवाल्यांनी रात्री नवीन व्हर्जन चढवलं की तुमच्याकडे अर्ध्या फाईल जुन्या आणि अर्ध्या नव्या अशी खिचडी होते आणि पांढरं पान येतं, यात बिचाऱ्या ब्राउझरचा काही दोष नसतो. दहा सेकंदांचं काम आहे पण लोक ते सोडून थेट नवा ब्राउझर टाकतात.

मग त्या नकाराच्या पानावर नीट बघा, खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात "तरीही पुढे जा" अशी लिंक असते का. असली तर जाऊन बघा. आत सगळं व्यवस्थित चालत असेल तर विषयच संपला, साईटवाल्यांनी फक्त "आम्ही यावर टेस्ट केलेलं नाही" हे जोरात सांगितलंय.

आता प्रायव्हेट विंडो उघडून तीच साईट टाका. हे का महत्त्वाचं, तर फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हीत तुम्ही वेगळी परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, ॲड-ऑनही म्हणतात) तिथे बंद असतात आणि कुकीजची पाटीही कोरी असते, म्हणजे एका फटक्यात दोन संशयित बाजूला होतात. ज्या ब्राउझरात प्रायव्हेट विंडोतही एक्स्टेंशन चालूच राहतात तिथे हेल्प मेनूमधून ॲड-ऑन बंद ठेवून रिस्टार्ट करायची सोय असते, ती वापरा. प्रायव्हेटमध्ये साईट चालली तर ब्राउझर निर्दोष, गडबड एक्स्टेंशनची नाहीतर खराब कुकीची. मग फक्त त्या साईटच्या कुकीज उडवा, ॲड्रेस बारमधल्या कुलुपावर किंवा त्या जागी असलेल्या चिन्हावर क्लिक केलं की सापडतं. सगळी हिस्ट्री आणि सगळ्या कुकीज साफ करू नका, कारण मग दहा ठिकाणचं लॉगिन जातं आणि संध्याकाळी मलाच दुसरा फोन येतो की आता मेलपण उघडत नाहीये.

कुकीने नाही भागलं तर एक्स्टेंशन एक एक करून बंद करा, सुरुवात ॲड ब्लॉकरपासून. आणि फायरफॉक्समध्ये ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला ढालीचं चिन्ह असतं, त्यातून त्या एका साईटपुरतं ट्रॅकिंग प्रोटेक्शन बंद करून बघा. ब्रेव्हमध्ये तेच काम सिंहाच्या चिन्हावर होतं. "माणूस आहात ना" वाला चौकोन गोल गोल फिरत असेल तर मला पहिला संशय इथेच येतो. लिब्रेवुल्फसारखे ब्राउझर मुद्दाम तुमचा टाइमझोन, स्क्रीनचा आकार, ग्राफिक्सची माहिती लपवतात किंवा गोल करून सांगतात, प्रायव्हसीसाठी ते चांगलंच आहे, पण तपासणाऱ्या स्क्रिप्टला असा सगळं झाकून आलेला पाहुणा रोबोट वाटतो.

घड्याळ आणि व्हर्जन

कॉम्प्युटरची तारीख बघा. हसू नका. जुन्या मशीनमधला मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि साईटची सुरक्षा सर्टिफिकेटं "अजून लागूच झालेली नाहीत" असं ब्राउझरला वाटतं. मी एकदा दीड तास ब्राउझर खाली-वर केला होता आणि शेवटी दोष घड्याळाचा निघाला, तेव्हापासून हे कधी विसरत नाही.

मग व्हर्जन. हेल्प, त्यात अबाऊट. इथे लोक म्हणतात "अपडेट दाबलं, लेटेस्टच आहे म्हणतोय". तो म्हणतोय ते बरोबर आहे, पण तुमच्या ऑपरेटिंग सिस्टीमपुरतं. विंडोज ७, ८ आणि ८.१ वर क्रोमचं शेवटचं व्हर्जन १०९, ते जानेवारी २०२३ चं. त्या मशीनवर क्रोम १०९ हा कायमचाच लेटेस्ट. फायरफॉक्सची तिथली शेवटची शाखा ११५ ईएसआर (ईएसआर म्हणजे जास्त काळ दुरुस्त्या मिळणारी शाखा). सफारी तर मॅकओएसशी बांधलेली, मॅक जुना तर सफारी जुनी. आणि आयफोनवाल्यांनो, तुमच्याकडे सफारीत साईट बिघडली म्हणून क्रोम टाकून काही फरक पडत नाही, कारण ॲपलच्या नियमाने तिथे क्रोम आणि फायरफॉक्स आतून सफारीचं वेबकिट हे इंजिनच (पान वाचून दाखवणारा आतला भाग) वापरत आलेत (युरोपियन युनियनमध्ये २०२४ पासून दुसऱ्या इंजिनला परवानगी आहे, पण तो वेगळा किस्सा). तिथे आयओएस अपडेट करणं हाच उपाय.

फायरफॉक्स खूप जुना ठेवलेल्यांना एक खास चिमटा बसलेला आहे. १४ मार्च २०२५ ला मोझिलाचं, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांचं, एक मूळ सर्टिफिकेट संपलं, त्यामुळे १२८ च्या आधीची आणि ईएसआरमध्ये ११५.१३ च्या आधीची व्हर्जन असतील तर एक्स्टेंशन बंद पडणं, संरक्षित व्हिडिओ न चालणं असे प्रकार झाले. लोकांना वाटलं साईटने सपोर्ट काढला, तर ते तसं नव्हतंच.

साईट सपोर्ट काढते म्हणजे नेमकं काय करते

इथे थोडा थांबतो, कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. आपल्याला वाटतं की कुठेतरी मीटिंग झाली, कुणीतरी ठरवलं की आजपासून अमुक ब्राउझर बाद. कधीकधी होतंही तसं. पण बहुतेक वेळा कुणी काही ठरवतच नाही. साईट बनवणारे लोक कोड नव्या पद्धतीने लिहितात आणि एक टूल तो जुन्या ब्राउझरांना कळेल असा करून देतं. किती जुन्या, हे ब्राउझर्सलिस्ट नावाच्या एका छोट्या यादीवरून ठरतं. त्याची न बदललेली सेटिंग अशी आहे, वापर अर्ध्या टक्क्याच्या वर असलेली व्हर्जन, प्रत्येक ब्राउझरची शेवटची दोन व्हर्जन, फायरफॉक्स ईएसआर, आणि मेलेले ब्राउझर वगळून. झालं. एखाद्या महिन्यात तुमचं व्हर्जन अर्ध्या टक्क्याखाली घसरलं, साईटवाल्यांनी यादी ताजी करून साईट परत बांधली, की तुम्ही बाहेर. कुणी तुमचं नावसुद्धा घेतलेलं नसतं. पेल मूनसारखा ब्राउझर तर त्या मोजणीत कधी धरलेलाच नव्हता.

मग तुमच्याकडे काय होतं? जावास्क्रिप्टमध्ये २०२० च्या सुमारास प्रश्नचिन्ह आणि त्याला लागून टिंब अशी एक नवी खूण सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आली, क्रोम ८० आणि फायरफॉक्स ७४ पासून. ती खूण त्याआधीच्या इंजिनला दिसली की ते फक्त ती ओळ सोडत नाही, अख्खी फाईल फेकून देतं, कारण त्याच्या दृष्टीने ते वाक्यच व्याकरणात बसत नाही. म्हणून पांढरं पान. याउलट व्याकरण कळतंय पण एखादं नवं फंक्शनच इंजिनात नाही, तर फाईल चालू राहते आणि जिथे त्या फंक्शनची गरज पडते तिथेच ठेच लागते, म्हणून एकच बटण मेलेलं. वर लक्षणांत पांढरं पान आणि मेलेलं बटण वेगळं लिहिलं ते यासाठी.

भावकीतला दुसरा ब्राउझर

आता निकालाची तपासणी. ब्राउझर दिसतात ढीगभर पण इंजिनं मोजकी. ब्लिंकच्या घरात क्रोम, ब्रेव्ह, विवाल्डी, २०१३ मध्ये स्वतःचं प्रेस्टो सोडून तिकडे गेलेला ऑपेरा आणि जानेवारी २०२० पासून एज. गेकोच्या घरात फायरफॉक्स, लिब्रेवुल्फ, टॉर ब्राउझर. वेबकिटकडे सफारी आणि ग्नोम वेब. पेल मूनचं गोआना हे गेकोतूनच कधीतरी वाटणी होऊन वेगळं निघालेलं घर.

तुमच्याच घरातल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये साईट उघडा. विवाल्डीत नकार आणि एजमध्ये चालते, इंजिन एकच आणि दोन्ही अपडेटेड, मग हा शंभर टक्के नावाचा (किंवा तुमच्या सेटिंगचा) प्रॉब्लेम. फायरफॉक्समध्ये चालते, क्रोममध्ये चालते आणि पेल मूनमध्ये नाही, तर बहुतेक कुवतीचा. फायरफॉक्स आणि लिब्रेवुल्फ दोन्हीत नकार पण क्रोममध्ये चालते, तर दोन्ही शक्य, पुढची तपासणी करा.

नाव बदलून बघणं

प्रत्येक ब्राउझर साईटला आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, युजर एजंट म्हणतात तिला. ही ओळ म्हणजे पहिल्यापासून थापांचा बाजार आहे. आजही क्रोम, सफारी, एज सगळे सुरुवातीला "मोझिला ५.०" असंच म्हणतात, कारण नव्वदच्या दशकात साईट नेटस्केपचं ते नाव बघूनच चांगलं पान द्यायच्या. २००९ मध्ये ऑपेराचं दहावं व्हर्जन आलं तेव्हा कित्येक साईट व्हर्जनचा पहिला आकडाच वाचायच्या आणि दहाला एक समजायच्या, मग ऑपेराने त्या जागी ९.८० लिहायला सुरुवात केली. विवाल्डीने तर डिसेंबर २०१९ मध्ये २.१० व्हर्जनपासून बहुतेक साईटना आपलं नाव सांगणंच बंद केलं आणि सरळ क्रोम म्हणून जायला लागला. त्यामुळे तुम्ही नाव बदललंत तर पाप वगैरे काही नाही.

फायरफॉक्ससाठी क्रोम मास्क नावाचं छोटं एक्स्टेंशन आहे, साईटवर असताना बटण दाबलं की त्या साईटपुरता तुम्ही क्रोम. रिलोड करा. साईट उघडली आणि नीट चालली तर नावाचाच प्रॉब्लेम होता. उघडली पण आत बटणं मेलेली, तर साईट खरं बोलत होती, कुवतच नाही, मुखवटा काढून टाका.

यात दोन-तीन खड्डे आहेत. सगळ्या साईटवर कायमचं नाव बदलून ठेवू नका. एक तर मोजणीत तुम्ही क्रोमवाले म्हणून धरले जाता आणि वर सांगितलेला तो अर्धा टक्का अजून खाली जातो, म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. दुसरं, क्रोमच्या घरातले ब्राउझर या ओळीशिवाय आणखी काही ओळख सांगणारे हेडर (विनंतीसोबत जाणारी माहिती) पाठवतात जे फायरफॉक्स पाठवत नाही, त्यामुळे "माणूस आहात ना" वाल्या तपासणीला नाव आणि चेहरा जुळत नाही हे लगेच कळतं आणि गोल फिरणं उलट वाढतं. त्या लक्षणावर हा उपाय करूच नका. तिसरा माझाच शहाणपणा, नाव बदलणाऱ्या दुसऱ्या एका एक्स्टेंशनमध्ये मी क्रोमचं व्हर्जन हाताने लिहून ठेवलं होतं आणि विसरलो, वर्षभराने साईट म्हणायला लागल्या तुमचा क्रोम जुना झालाय, आणि मी फायरफॉक्स अपडेट करत बसलोय.

पैशाच्या व्यवहाराच्या साईटवर मी हे करत नाही. उघडेल, चालेलही, पण पेमेंटच्या मधोमध काहीतरी अडकलं तर ते निस्तरण्यापेक्षा तेवढ्यापुरता दुसरा ब्राउझर बरा.

कॉन्सोल

एफ १२ दाबा, कॉन्सोल टॅब, पान रिलोड करा, लाल ओळी बघा. प्रायव्हेट विंडोत करा, नाहीतर एक्स्टेंशनांचा कचराही त्यात दिसतो. पहिलीच लाल ओळ "सिंटॅक्स एरर" ने सुरू झाली तर व्याकरणाचा प्रॉब्लेम, ब्राउझर जुना, यावर तुमच्या हातात अपडेट किंवा दुसरा ब्राउझर एवढंच. "इज नॉट अ फंक्शन" किंवा "इज नॉट डिफाइन्ड" असेल तर बहुतेक एखादी सोय नाहीये, पण कधीकधी ॲड ब्लॉकरने एखादी फाईल अडवली तरी हेच येतं, म्हणून तर ते आधी तपासायला लावलं. नेटवर्क टॅबमध्ये मुख्य पानासमोरच ४०३ दिसला तर सर्व्हरनेच नाही म्हटलंय, पानापर्यंत गोष्ट आलीच नाही.

ही पहिली लाल ओळ कॉपी करून ठेवा. साईटच्या सपोर्टला "तुमची साईट चालत नाही" लिहून मला आजवर फक्त "क्रोम वापरा" एवढंच उत्तर आलंय. ब्राउझर, व्हर्जन, कुठलं बटण आणि ती लाल ओळ असं पाठवल्यावर दोनदा खरंच दुरुस्ती झाली. फायरफॉक्सच्या मेनूतही मोडकी साईट कळवायची सोय आहे, ती वापरा, कारण मोझिलाची माणसं काही साईटसाठी खास ठिगळं ब्राउझरातच घालून पाठवतात. ॲड्रेस बारमध्ये अबाऊट कोलन कॉम्पॅट लिहिलं तर ती यादी दिसते. मजेशीर वाचन आहे.

काही गोष्टी सुटणारच नाहीत

साईटवरून थेट यूएसबी किंवा ब्लूटूथच्या वस्तूशी बोलणं, म्हणजे कीबोर्डची सेटिंग बदलणं, एखाद्या यंत्रात नवं फर्मवेअर (त्याचा आतला प्रोग्राम) भरणं, हे क्रोमच्या घरात चालतं. फायरफॉक्स आणि सफारीने वेब यूएसबी आणि वेब ब्लूटूथ सुरक्षेचा आणि प्रायव्हसीचा विचार करून जाणूनबुजून घेतलेलं नाही. तसंच संरक्षित व्हिडिओला वाइडवाइन नावाचा बंद भाग लागतो, छोट्या ब्राउझरांकडे तो बऱ्याचदा नसतो. इथे नाव बदलून, सेटिंग खणून काही होत नाही. मशीनवर दुसऱ्या घरातला एक ब्राउझर ठेवा, अशा दोन-चार साईटचे बुकमार्क त्यातच ठेवा आणि रोजचं काम आपल्या आवडत्यात करा. मी तेच करतो.

इथे हात थांबवा

सर्टिफिकेटची वॉर्निंग आली आणि घड्याळ बरोबर आहे, तरी "धोका पत्करून पुढे जा" दाबायचं नाही. एखादी साईट किंवा फोनवरचा माणूस "हे रूट सर्टिफिकेट टाका" किंवा "स्क्रीन शेअर करा, मी करून देतो" म्हणाला तर फोन ठेवून द्या. अनोळखी डाउनलोड साईटवरून ब्राउझरचं जुनं व्हर्जन आणायचं नाही.

ऑफिसचं मशीन असेल आणि मेनूत "तुमचा ब्राउझर तुमची संस्था चालवते" अशा अर्थाची ओळ दिसत असेल तर थेट आयटीवाल्यांना सांगा. तिथली सेटिंग त्यांनी लावलेली असतात, तुम्ही बदललीत तरी परत येतील आणि बोलणी तुम्हालाच बसतील. फक्त इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच चालणारी जुनी अंतर्गत साईट असेल तरी तेच, तो ब्राउझर विंडोज १० वर १५ जून २०२२ ला निवृत्त झाला आणि त्याच्या जागी एजमधला आयई मोड लावणं हे आयटीचं काम आहे. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लागणारी साईट असेल तर टोकन देणाऱ्यांच्या सपोर्टला फोन करा, कारण तिथे बऱ्याचदा ब्राउझर आणि टोकनच्या मधे बसणारा तिसरा एक प्रोग्राम बिघडलेला असतो.

आणि सगळं बघून कारण "ऑपरेटिंग सिस्टीमच जुनी" असं निघालं तर नवी टाकायच्या आधी मशीन जाणकाराला दाखवा, फोटो आणि कागदपत्रांचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेतल्याशिवाय त्यालाही हात लावू देऊ नका. तोपर्यंत ती अडलेली साईट फोनवर उघडून काम उरका.